घरून काम करताना गावाच्या घड्याळाशी जुळवून घेण्याची रीत

फोंडा तालुक्यातील आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातील आमच्या वस्तीवर, सकाळी साडेसहाला पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंगा वाजतो. नऊच्या सुमारास मासळीवाला स्कूटरवरून येतो, साडेदहाला सासूबाई पेजेसाठी हाक मारतात, दीडच्या सुमारास मुलगा शाळेतून परततो, आणि त्यानंतर चारपर्यंत सारा वाडा असा निजतो की माडाची झावळी पडली तरी तिचा आवाज घरभर ऐकू यावा. चारनंतर चहा, सायंकाळचा पोदेर, शेजारपाजारची माणसे आणि दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यातील एका कंपनीचे हिशेबाचे काम मी घरून करू लागले, तेव्हा या साऱ्याकडे मी केवळ अडथळा म्हणून पाहत होते. नऊ ते सहा या कार्यालयीन चौकटीत घराला बसवण्याचा प्रयत्न मी जवळजवळ दोन वर्षे केला. त्या काळात मान आखडली, रात्रीची झोप उडाली, घरच्यांवर विनाकारण आवाज चढू लागला, आणि इतके होऊनही महिनाअखेरीचे काम अपुरेच राहत असे.

पुढे जे सुधारले ते मनोनिग्रहाने सुधारले नाही. घरात आणि वाड्यावर येणारे बहुतेक व्यत्यय ठरलेल्या वेळी येतात, हे एकदा लक्षात आल्यावर मी माझे काम त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत मांडले, आणि त्या जागा घरच्यांशी बोलून पक्क्या करून घेतल्या. गोव्यातील एकत्र कुटुंबात, जुन्या घरात किंवा छोट्या सदनिकेत बसून संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही रीत थोड्याफार फरकाने उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते. ती कशी अमलात आणायची, ते पुढे सविस्तर सांगते.

आठवडाभराची नोंद

काहीही बदलण्याआधी सात दिवस केवळ नोंद करावी. एक साधी वही घ्यावी आणि काम थांबले की त्यात वेळ, काम कोणी किंवा कशाने थांबवले, ते कारण तासभर थांबू शकले असते का, आणि पुन्हा कामाला लागायला किती वेळ गेला, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्यालयांतील व्यत्ययांचा अभ्यास करणाऱ्या ग्लोरिया मार्क या अमेरिकी संशोधिकेला असे आढळले की अर्धवट सोडलेल्या कामाकडे परतायला माणसाला सरासरी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो, कारण मधल्या काळात तो आणखी एकदोन कामांत गुंततो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली: एक काम अपुरे टाकून दुसऱ्याकडे वळलो की लक्षाचा काही अंश पहिल्या कामापाशीच रेंगाळतो आणि दुसरे कामही त्यामुळे कच्चे होते. मासळीवाल्याकडून बांगडे घ्यायला पाच मिनिटे लागतात, हे खरे आहे. पण जीएसटीच्या ताळमेळात गढलेले असताना ती पाच मिनिटे गेली, तर प्रत्यक्षात अर्धा तास गेलेला असतो, आणि हा अर्धा तास वहीत उतरल्याशिवाय आपल्याला दिसत नाही.

माझ्या वहीत तीन प्रकारचे व्यत्यय दिसले. पहिले घड्याळाला बांधलेले होते: पोदेर, मासळी, पेज, शाळा, चहा. दुसरे माणसांचे होते: शेजारच्या काकी, गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा, सोप्यावर (पुढच्या ओसरीवर) बसायला आलेले नात्यातले कोणी. तिसरे मी स्वतःहून ओढवून घेतलेले होते, म्हणजे विनाकारण फोन पाहणे, पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाणे आणि तेथे ओटा पुसत राहणे. हे तिसरे व्यत्यय पहिल्या दोहोंच्या बेरजेइतके निघाले, आणि ते पाहून मी घरच्यांना जो दोष देत होते त्याबद्दल मला फार वाईट वाटले. या तिन्ही प्रकारांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे.

काम कोठे मांडायचे

नोंदीची वही समोर ठेवून दिवसातील खरोखर शांत असे दोन पट्टे शोधावेत. आमच्याकडे पहिला पट्टा पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि दुसरा दुपारी दोन ते चार असा आहे. तुमच्याकडे तो वेगळा असू शकेल. म्हापशात बाजारापाशी राहणाऱ्यांची शुक्रवारची सकाळ आणि डिचोलीतील एखाद्या वाड्यावरची सकाळ यांत फार अंतर आहे. पण दुपारी बाजारातील बरीच दुकाने बंद होतात, घरात जेवणे आटोपतात आणि माणसे आडवी होतात, ही गोव्यातील सवय अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे, आणि घरून काम करणाऱ्याला तिच्याइतकी मोठी देणगी दुसरी नाही. ज्या कामाला अखंड लक्ष लागते ते, म्हणजे ताळेबंद, अहवाललेखन, भाषांतर, संगणक आज्ञावलीतील किचकट चूक शोधणे, या शांत पट्ट्यांत ठेवावे. नऊ ते साडेअकरा हा वेळ मात्र ईमेलला उत्तरे देणे, पावत्यांची नोंद करणे, सहकाऱ्यांना फोन करणे अशा तुकड्यातुकड्यांच्या कामांसाठी राखावा, कारण हे काम मध्ये थांबले तरी फारसे बिघडत नाही. मासळीवाला आला की उठावे, पेजेला बसावे, आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावू नये. त्या वेळेत उठायचे आहे हे आपणच ठरवलेले असते, त्यामुळे चिडचिड होण्याचे कारणच उरत नाही.

दुपारच्या पट्ट्याविषयी एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. भरपेट शितकढी जेवून लगेच आकड्यांत डोके घालणे कठीण असते, आणि जेवणानंतर दुपारी येणारी सुस्ती ही आळसाची खूण नसून शरीराच्या दैनंदिन लयीचाच भाग असते. यावर मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. साडेदहाची पेज मी नीट, लोणच्या-सुक्याबरोबर पोटभर घेते, त्यामुळे दुपारचे जेवण आपोआप हलके होते. आणि जेवणानंतर गजर लावून वीस मिनिटे आडवी होते. अर्ध्या तासाहून अधिक झोप लागली तर जागे झाल्यावर डोके जड राहते, म्हणून गजर टाळू नये.

कंपनीच्या बैठका नेमक्या दुपारी तीनला ठेवल्या जात असतील, तर वरिष्ठांशी बोलावे. ‘मला दुपारी बैठक नको’ असे म्हणण्यापेक्षा ‘दुपारी दोन ते चार मी महिन्याचा ताळमेळ करते आणि तो साडेचारला तुम्हाला मिळेल, बैठक अकरा किंवा साडेचारला ठेवता आली तर दोन्ही कामे नीट होतील’ असे कामाच्या भाषेत मांडले, की बहुतेक वेळा मान्य होते. माझ्या बाबतीत आठवड्यातल्या पाचांपैकी चार दुपारी मोकळ्या झाल्या. पाचवी झाली नाही, आणि तिचे दुःख मी आता करत नाही.

ज्यांचे काम अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील लोकांबरोबर असते, त्यांनी घड्याळातील एक बारकावा ध्यानात ठेवावा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. लंडन अनुक्रमे साडेचार आणि साडेपाच तास. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलते, तर ब्रिटन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत दोन्हीकडच्या बैठका एकमेकींवर येतात आणि रात्रीचे जेवण, मुलांची झोप यांचा क्रम मोडतो. या तारखा वर्षाच्या आरंभीच दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहून घरच्यांना दाखवाव्यात. रात्री उशिरापर्यंत काम असेल तर दिवसाचे दोन सरळ भाग करावेत आणि मधले चार-पाच तास खरोखर मोकळे ठेवावेत. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत ‘थोडे थोडे’ काम चालू राहणे हा सर्वांत थकवणारा प्रकार आहे.

घरच्यांशी बोलणे

घरून काम करणाऱ्या बाईला जो प्रश्न सर्वाधिक वेळा ऐकावा लागतो तो म्हणजे, ‘घराच मगो आज?’ (घरीच ना गं आज?) यात विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. घरात असलेले माणूस मोकळे असते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि लॅपटॉपपुढे स्वस्थ बसलेली व्यक्ती काम करते आहे हे बाहेरून दिसतही नाही. ‘मला त्रास देऊ नका’ असे सांगितले की माणसे दुखावतात, दोन दिवस गप्प राहतात आणि तिसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते. मी ते करून पाहिले आहे. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण पेजेची हाक मारणे त्यांनी बंद केले, आणि ती शांतता मला कोणत्याही व्यत्ययापेक्षा जड गेली.

नंतर मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आपण केव्हा मोकळे नाही ते सांगत बसण्यापेक्षा केव्हा मोकळे आहोत ते आधी सांगावे. एका संध्याकाळी सासूबाईंपाशी बसून मी म्हटले, ‘आई, साडेदहाला मी पेजेला येणार, चारला तुमच्याबरोबर चहा घेणार, आणि दिवा लागला की काम बंद. मधल्या दोन ते चारमध्ये मात्र घराला आग लागली तरच हाक मारा.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग दोनच्या आधी मला नारळ फोडून देत जा.’ त्यांना नेमके काय हवे होते ते मला दोन वर्षांत कळले नव्हते. आपल्या घरातील प्रत्येक माणसाला दिवसातून एक-दोन गोष्टींसाठीच आपली खरी गरज असते. त्या गोष्टी विचारून घ्याव्यात, शांत पट्ट्याच्या आधी पुऱ्या कराव्यात, आणि मग मिळणारी शांतता कोणाकडून ओढून घेतलेली नसते.

दिसणारी एखादी खूण ठरवावी. आमच्या खोलीच्या दाराला दोन फळ्या आहेत: दोन्ही बंद असतील तर आत येऊ नये, एक उघडी असेल तर यावे. दार नसेल तर पडदा किंवा टेबलावर उभे करून ठेवलेले एखादे पुस्तकही चालते, पण ती खूण कामाबाहेर कधीही लावू नये, अन्यथा तिचा मान उरत नाही. शेजाऱ्यांना ‘चार वाजता या, चहा घेऊया’ असे उत्तर द्यावे आणि चारला खरोखर चहा करावा. शेजारच्या काकी आता चारलाच येतात आणि येताना घरचे जाम किंवा केळी घेऊन येतात.

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण गोव्यातील अनेक शाळा सकाळच्या असतात आणि मूल नेमके दुपारच्या शांत पट्ट्याच्या तोंडावर घरी येते. त्याला दारातच ‘श्श, आईचे काम आहे’ असे ऐकवले, तर ते पुढचे दोन तास काही ना काही निमित्ताने येत राहते. मी दीड ते दोन हा अर्धा तास पूर्णपणे मुलाला देते. फोन दुसऱ्या खोलीत असतो, आम्ही दोघे जेवतो, आणि शाळेत काय झाले ते तो सांगतो. हा अर्धा तास मिळाला की तो पुढचे दोन तास स्वतःहून देतो. यजमान त्या वेळी घरी असतील तर दारावरची बेल आणि मुलाचा अभ्यास त्यांच्याकडे असतो. हेही आधी बोलून ठरवावे लागते. ते समजून घेतील अशी वाट पाहत राहिल्यास मनात केवळ तक्रार साचत जाते.

बसण्याची जागा

सोप्यावर बसून काम करण्याचे चित्र फार सुंदर आहे, पण रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आपण तेथे दिसतो आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलावेच लागतात. कामाची जागा परसाच्या बाजूची असावी. टेबल खिडकीला काटकोनात ठेवावे म्हणजे उजेड बाजूने येतो आणि पडद्यावर चमक पडत नाही. लॅपटॉप चार-पाच जाड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी, कळफलक वेगळा जोडावा, कोपर काटकोनात आणि पाऊल पूर्ण टेकलेले असावे. माझी मानदुखी औषधाने कमी झाली नव्हती ती या एका बदलाने झाली. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांहून लांबच्या वस्तूकडे पाहावे. परसात माड किंवा फणस असेल तर तोच पाहावा. पलंगावर बसून काम करणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे पाठ तर बिघडतेच, शिवाय पलंग दिसला की काम आठवते आणि झोप लांबते.

पाऊस, वीज आणि इंटरनेट

जूनपासून पुढचे चार महिने गोव्यात घरून काम करणाऱ्याचा मोठा ताण कामाचा नसतोच. वीज केव्हा जाईल, हा असतो. एका महिनाअखेरीला विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तासात वीज गेली, राउटर बंद पडला, फोनची रेंज गेली, आणि मी पावसात भिजत मोबाइल उंच धरून रस्त्याच्या वळणापर्यंत गेले होते. तो तास माझ्या अंगात कित्येक दिवस राहिला. त्यानंतर मी जी तयारी केली ती साधी आहे, आणि प्रत्येकाने मे महिन्यातच ती करावी.

घरगुती राउटर फार थोडी वीज घेतो, म्हणून केवळ त्याच्यासाठी मिळणारा छोटा बॅटरीचा संच घ्यावा. घरात इन्व्हर्टर नसला तरी तो काही तास इंटरनेट चालू ठेवतो. दुसऱ्या कंपनीचे एक सिमकार्ड जवळ ठेवावे, कारण एकाच कंपनीची केबल आणि मोबाइल दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याचा अनुभव पुष्कळांना आहे. चालू कामाच्या फायलींची प्रत लॅपटॉपमध्येच असावी, म्हणजे इंटरनेट नसतानाही निम्मे काम चालू राहते. दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहणार असल्याच्या सूचना वर्तमानपत्रांत येतात; त्या सकाळी चहाबरोबर वाचाव्यात आणि त्या दिवशीचे अखंड लक्षाचे काम पहाटेच्या पट्ट्यात हलवावे. अचानक वीज गेली तर तक्रारीचा क्रमांक १९१२ भिंतीवर लिहून ठेवावा. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये विजांचा कडकडाट सुरू झाला की राउटर आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून टाकावा, कारण एका ठिणगीत दोन्ही जळतात. आणि शेवटच्या तारखेची कामे पावसाळ्यात दोन दिवस आधी संपवण्याचा नियम करावा, तसे सहकाऱ्यांनाही सांगून ठेवावे. ‘वीज गेली तर मी काय करेन’ हे चार ओळींत लिहिलेले असले, की आभाळ काळे झाल्यावर पोटात पडणारा खड्डा बराच उथळ होतो.

स्वतःहून ओढवलेले व्यत्यय

फोन शांत पट्ट्यात दुसऱ्या खोलीत ठेवावा. उपडा करून टेबलावर ठेवल्याने भागत नाही, हात त्याच्याकडे जातोच. मुलाच्या शाळेचा, घरच्यांचा आणि वरिष्ठांचा फोन तेवढा वाजेल आणि बाकीचे सारे मूक राहतील अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती एकदा बसून लावून घ्यावी. कुटुंबाचे आणि देवस्थानच्या जत्रेचे व्हॉट्सॲप समूह दिवसातून तीनदा पाहिले तरी कोणाचे काही अडत नाही.

काम करताना मध्येच काही आठवते, ‘आंब्याच्या पेटीचे पैसे द्यायचे राहिले’, ‘डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे’, आणि आपण उठतो. अशा गोष्टींसाठी टेबलावर एक कागद ठेवावा, आठवलेले त्यावर एका ओळीत लिहावे आणि पुन्हा कामाला लागावे. मला सलग दोन तास बसणे जमत नव्हते, तेव्हा मी फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन गृहस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली पद्धत वापरली: पंचवीस मिनिटे एकच काम, पाच मिनिटे विश्रांती, आणि असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. सहा महिन्यांनी मला पंचवीस मिनिटे अपुरी वाटू लागली आणि मी पन्नासवर गेले. आकड्यात काही पवित्र नाही.

दृक्‌संवादाच्या बैठकांचा थकवा वेगळा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली: सतत जवळून होणारी नजरानजर, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे, जागचे हलता न येणे, आणि हावभाव कळण्या-कळवण्यासाठी पडणारे जादा श्रम. यांपैकी स्वतःची चौकट लपवणे दोन सेकंदांचे काम आहे, आणि ज्या बैठकीत केवळ ऐकायचे असते ती आवाजापुरती घेऊन परसात फेऱ्या मारता येतात.

दिवस मिटवणे

घरून काम करताना ताण साचतो तो मुख्यतः दिवस मिटत नसल्यामुळे. कार्यालयातून पणजीच्या कदंबा बसस्थानकापर्यंत चालत येताना आणि बसच्या खिडकीशी बसून बाहेर पाहताना मन आपोआप घरच्या बाजूला वळत असे. घरी ती वाट उरत नाही. आमच्याकडे तुळशीपुढे दिवा लागण्याची वेळ ही कामाची सीमा ठरली. दिव्याच्या आधीची दहा मिनिटे मी उद्याची यादी लिहिते: काय राहिले, उद्या ते केव्हा करणार, त्यातले पहिले पाऊल कोणते. ही सवय मी आग्रहाने सुचवते, कारण तिच्यामागे आधार आहे. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधील प्रयोगांत असे दिसले की अपुऱ्या कामाची नेमकी योजना लिहून ठेवली की ते काम पूर्ण न होताही मनात घोळणे कमी होते. बेलर विद्यापीठातील २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिली, तर बाकीच्यांनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली. यादी झाली की लॅपटॉप कपाटात ठेवून कपाट बंद करावे आणि पायात चपला घालून देवळापर्यंत, नदीपर्यंत किंवा नुसते वाड्याच्या टोकापर्यंत चालून यावे. बसची जागा या पंधरा मिनिटांनी भरून निघते.

दिवसभरात ताण वाढल्याची खूण शरीर आधी देते: दात आवळले जातात, खांदे कानांकडे चढतात, श्वास उथळ होतो. तसे जाणवताच चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा, असे पाच मिनिटे करावे. श्वास सोडणे लांबवले की हृदयाची गती मंदावते. कामाचे तासही मोजावेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. माझ्या पहिल्या दोन वर्षांतले तास मी नंतर मोजले, आणि ते त्या रेषेच्या पलीकडे होते.

एकटेपण आणि मदत

माणसांनी भरलेल्या घरातही कामापुरते एकटे वाटू शकते. चीनमधील एका प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण नऊ महिन्यांनंतर निवडीची मुभा मिळताच त्यांच्यापैकी अनेकांनी कार्यालयात परतणे पसंत केले, आणि एकटेपणा हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणून आठवड्यातून एक दिवस बाहेर काम करावे. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची परंपरा १८३२ पासूनची आहे, तेथे मी वाचनाचे आणि तपासणीचे काम नेते. फोनवर बोलायचे काम अर्थातच तेथे नेऊ नये.

दोन आठवडे सलग मन उदास राहिले, झोप किंवा भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर तो केवळ कामाचा ताण आहे असे समजून रेटू नये. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत उपलब्ध आहे, आणि बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेचे रुग्णालय आहे. गोव्यातच १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगात’ या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत असे दाखवून दिले की प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांच्या मोजक्या भेटींनीही तीव्र नैराश्यात फरक पडतो. त्या उपचाराचा गाभा असा की मन बरे होण्याची वाट न पाहता, पूर्वी ज्यात आनंद वाटत असे ती छोटी कृती आज ठरवून करावी. माझ्यासाठी ती कृती होती संध्याकाळच्या आरतीला घुमट हे वाद्य ऐकायला जाणे. पहिल्या तीन वेळा काहीच वाटले नाही, चौथ्या वेळी वाटले.

चवथीची तयारी

वर्षातील एक काळ असा असतो की तेव्हा वरचे कोणतेही वेळापत्रक चालत नाही, आणि तो म्हणजे चवथ, म्हणजेच गणेशचतुर्थी. मूळ घरी सारे कुटुंब जमते, स्वयंपाक, पूजा आणि पाहुणे यांतून तास काढणे अशक्य होते, आणि ‘मी अधूनमधून ईमेल पाहत राहीन’ असे कंपनीला सांगणाऱ्याचे दोन्हीकडे मन लागत नाही. पूर्ण सुट्टी घ्यावी आणि ती महिनाभर आधी मागावी. पंधरा दिवस आधी चालू कामांची एक यादी करून प्रत्येकापुढे ते कोण सांभाळणार, फायली कोठे आहेत आणि कोणती गोष्ट आपण परतेपर्यंत थांबू शकते, ते लिहून सहकाऱ्याला द्यावे आणि एकदा फोनवर समजावून सांगावे. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान आणायला बाजारात जायच्या आदल्या संध्याकाळी ईमेलवर सुट्टीचा निरोप लावावा, कार्यालयाचे समूह मूक करावेत, आणि लॅपटॉप मूळ घरी बरोबर न नेता कपाटात कुलूपबंद ठेवून किल्ली घरीच सोडावी.